रुमालाखालचा सौदा

वडगावच्या जनावरांच्या बाजारात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. उसाचे बिल लांबले होते, आत्याचे लग्न तोंडावर आले होते आणि आजोबांना जोडीतला एक बैल विकायचा होता. हेडा, म्हणजे जनावरांचा दलाल, आला, त्याने बैलाचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली, मग खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या आणि आजोबांच्या हातांवर टाकला. पुढची पाच-सात मिनिटे दोघांपैकी कोणीही तोंडातून आकडा काढला नाही. रुमालाखाली बोटे दाबली जात होती, सोडली जात होती, आणि मला दिसत होती ती फक्त आजोबांच्या कपाळावर तटतटलेली शीर. शेवटी मान हलली, विसाराच्या नोटा हातात पडल्या, दावे हेड्याकडे गेले. त्याच दिवशी चार दावणी पलीकडे तसल्याच बैलाला बरीच जास्त किंमत मिळाली होती, हे आम्हाला गावात परतल्यावर कळले.

कोल्हापुरात सौद्याची दुसरीही रीत आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. आज मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्यांभोवती अडते, व्यापारी, गुऱ्हाळवाले आणि हमाल सगळेच उभे असतात आणि बोली मोठ्याने लागते. भाव पटला नाही तर शेतकरी भांडतो, प्रसंगी सौदे बंदही पाडतो. तिथेही त्याच्यावर अन्याय होत नाही असे मी म्हणणार नाही. पण शेजारच्या मालाला काय भाव निघाला, हे त्याच्या कानावर पडलेले असते.

गेली बावीस वर्षे मी निर्यातदारांची कागदपत्रे करून देतो. शिरोलीचे कास्टिंग, इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, अलीकडे गुळाची पावडर, अशा मालाचे शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, उगमाचा दाखला आणि एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ही माझी रोजची भाकरी आहे. कोणत्या देशात कोणत्या कोडावर किती आयातशुल्क आहे याचे तक्ते वाचता वाचता, ते शुल्क ठरते कसे याचाही नाद लागला. मोठ्या अर्थसत्तेशी गरीब किंवा मध्यम देश कसा वाटाघाट करतो, असे कोणी विचारले की मला वडगाव आणि मार्केट यार्ड हे दोन बाजारच आठवतात.

१९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी गॅट या शुल्क आणि व्यापारविषयक करारावर सह्या केल्या, त्यांत भारत होता. त्या कराराच्या पहिल्याच कलमात ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ हे तत्त्व आहे. नाव भपकेबाज असले तरी अर्थ साधा आहे: एका देशाला जी सवलत द्याल, ती सर्व सदस्यांना द्या. म्हणजे कागदावर तरी हा जाहीर सौदा झाला. अमेरिकेने जर्मनीच्या मागणीवरून एखाद्या यंत्रभागाचे शुल्क उतरवले, तर त्या चर्चेत कधी न बसलेल्या देशालाही तोच दर मिळायचा. लहान देशाला वाटाघाटीचे बळ नसतानाही पदरात काही पडण्याची ही एक वाट होती. मात्र ज्या मालाचा मोठा पुरवठादार तुम्ही नाही त्याच्या चर्चेत तुम्हाला विचारायचे कोणी नाही, अशी पद्धत असल्यामुळे शुल्क उतरले ते प्रामुख्याने श्रीमंत देश एकमेकांना विकतात त्या वस्तूंचे. कापड आणि शेतमाल, म्हणजे गरिबांकडे विकण्यासारखे जे होते, ते दीर्घकाळ बाजूलाच राहिले.

शिवाय जाहीर सौद्याच्या आवारातही रुमाल होताच. गॅटची जागा पुढे घेतलेल्या जागतिक व्यापार संघटनेत निवडक देशांच्या बंद दाराआडच्या बैठकीला ‘ग्रीन रूम’ म्हणतात. १९९९ मध्ये सिएटलला आफ्रिकी प्रतिनिधींना दाराबाहेर ताटकळत ठेवले गेले आणि त्यांच्या संतापाचा ती परिषद फसण्यात मोठा वाटा होता. त्यावरचा उतारा चार वर्षांनी कॅनकूनला दिसला. सप्टेंबर २००३ मधल्या त्या परिषदेच्या तोंडावर अमेरिका आणि युरोपीय संघाने शेती अनुदानांबाबत आपसात जुळवून आणलेला मसुदा पुढे केला, तेव्हा ब्राझील, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आदी देशांनी गट बांधून तो नाकारला. या देशांचे हितसंबंध एकसारखे नव्हते. ब्राझीलला जगभर शेतमाल विकायचा होता, भारताला आपला शेतकरी आयातीपासून वाचवायचा होता. तरीही श्रीमंतांनी आधी आपली अनुदाने कमी करावीत एवढ्या एका मुद्द्यावर ते एकत्र राहिले. परिषद मोडली, पण गुंतवणूक, स्पर्धा धोरण आणि सरकारी खरेदी हे तीन विषय, जे गरीब देशांना नको होते, ते पुढच्या वर्षी चर्चेतून काढावे लागले. मोडलेल्या सौद्यातूनही काही हाती लागते, ते हे असे.

जुलै २००८ ची जिनिव्हातली बैठकही मोडली, आणि तिच्याविषयी इंग्रजी वृत्तपत्रांत ‘भारताने खोडा घातला’ अशा आशयाचे पुष्कळ लिहून आले. वाद कशाचा होता ते मात्र फारसे कोणी नीट सांगितले नाही. शेतमालाची आयात एकदम वाढली तर गरीब देशाला तात्पुरते शुल्क वाढवण्याची मुभा असावी, हे तत्त्वतः सर्वांना मान्य होते. प्रश्न होता तो किती वाढल्यावर. ठरलेली कमाल मर्यादा ओलांडून शुल्क वाढवायचे तर आयात चाळीस टक्क्यांनी वाढलेली असली पाहिजे असा प्रस्ताव होता, तर भारताला ती अट पुष्कळ खाली, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास हवी होती. कोल्हापूरकराला हे समजावण्यासाठी पंचगंगेचे उदाहरण पुरे आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. मधले चार फूट हे माणसे, जनावरे आणि धान्य हलवण्यासाठी असतात. चाळीस टक्क्यांची अट म्हणजे पाणी शिवाजी पुलाजवळच्या घरांत शिरल्यावर भोंगा वाजवण्याची परवानगी. तेव्हाचे वाणिज्यमंत्री कमलनाथ यांनी ती नाकारली, ते योग्यच केले असे मला आजही वाटते.

नियम लिहून घेतला, खटला जिंकला, तरी वसुली हा वेगळाच विषय आहे. अँटिग्वा आणि बार्बुडा हा एक लाखाहून कमी वस्तीचा कॅरिबियन देश. इंटरनेटवरील जुगाराच्या सेवेवर अमेरिकेने घातलेल्या बंदीविरुद्ध त्याने २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि तो जिंकला. अमेरिकेने नियम बदलला नाही, म्हणून डिसेंबर २००७ मध्ये लवादाने अँटिग्वाला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रतिकार करण्याचा, म्हणजे तेवढ्या मोलाच्या सवलती रोखण्याचा, हक्क दिला. आता एवढासा देश अमेरिकी मालावर शुल्क वाढवून कोणाचे काय बिघडवणार? स्वतःच्याच लोकांना वस्तू महाग करून देणार. म्हणून त्याला अमेरिकी बौद्धिक संपदेचे हक्क तेवढ्यापुरते बाजूला ठेवण्याची मुभा मिळाली. ते हत्यार त्याने कधी उपसले नाही, आणि थकबाकी कागदावर वाढत राहिली.

ब्राझीलची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध त्याने २००२ मध्ये वाद सुरू केला, जिंकला, आणि २०१० मध्ये अमेरिकी मोटारींपासून औषधांच्या पेटंटपर्यंत कशाकशावर प्रतिकार करणार याची तयारी उघडपणे मांडली. ब्राझीलची बाजारपेठ मोठी, त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये लगेच हालचाल झाली. अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४.७ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे अनुदान चालू ठेवण्यासाठी अमेरिकेने दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले. याच कापसासाठी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ पासून आवाज उठवला होता. त्यांचे शेतकरी ब्राझीलच्या शेतकऱ्यांहून कितीतरी गरीब होते. ती तडजोड मात्र त्यांना वगळूनच झाली.

आमच्या धंद्यात ज्याची चर्चा सर्वाधिक होते तो प्रकार सवलतीचा. अमेरिकेच्या ‘जीएसपी’ योजनेखाली १९७६ पासून विकसनशील देशांच्या हजारो वस्तूंना शुल्कमाफी होती. त्या माफीचा सर्वांत मोठा लाभार्थी भारत होता. साधारण साडेपाच अब्ज डॉलरचा माल त्यातून जात असे. माझ्याकडच्या दोन-तीन कारखानदारांनी आपला भाव त्याच हिशेबावर बांधला होता. ५ जून २०१९ पासून भारताला त्यातून काढले गेले. नोटीस आली, मुदत संपली, विषय संपला. करारात लिहून घेतलेला हक्क असता तर दाद मागता आली असती. सवलत देणाऱ्याच्या मर्जीची होती, त्यामुळे दाद मागायला जागाच नव्हती. आणि काढण्यामागच्या कारणांत दूध होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. भारत आपली बाजारपेठ खुली करत नाही, अशी अमेरिकी डेअरी संघटनांची तक्रार होती, कारण ज्या जनावरांना प्राण्यांच्या अवशेषांपासून केलेले खाद्य घातलेले नाही त्यांच्याच दुधाचे पदार्थ आम्ही घेऊ, असा दाखला भारत मागतो. म्हणजे शिरोलीतल्या कास्टिंगवरचे शुल्क आणि भुदरगडातल्या म्हशीची वैरण यांचा संबंध वॉशिंग्टनमध्ये जोडला गेला होता.

या दाखल्यामागे श्रद्धा किती आणि संरक्षण किती, यावर वाद घालता येईल, आणि मला विचाराल तर संरक्षणाचा भाग मोठा आहे. त्याची लाज वाटण्याचे मात्र कारण नाही. आमच्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढे किटल्यांची रांग लागते, त्यातल्या बहुतेकांच्या गोठ्यात दोन किंवा तीन जनावरे असतात, आणि दहा दिवसांचे दूधबिल हे अनेक घरांत उसाच्या बिलापेक्षा जास्त भरवशाचे असते. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून अंग काढले, त्यात चिनी मालाइतकीच न्यूझीलंडच्या दूध पावडरची भीती होती. आपल्या उत्पादनातला बहुतांश भाग निर्यातच करणाऱ्या देशापुढे दोन म्हशींची बाई उभी करणे याला मुक्त व्यापार म्हणत असतील, तर म्हणोत. वाटाघाटीच्या दृष्टीने पाहिले तर घरात असा कोट्यवधींचा विरोध असणे ही मंत्र्याच्या हातातली काठी असते. ‘मला मान्य आहे हो, पण घरी जाऊन काय सांगू’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक वाटाघाटीत चालते, फक्त ते खरे असावे लागते.

सवलतीचा दोर आफ्रिकेत कसा आवळला गेला त्याची दोन उदाहरणे सांगतो. केनियाचा गुलाब युरोपात विनाशुल्क जात असे. पूर्व आफ्रिकी समुदायाने युरोपीय संघाशी परस्पर शुल्कमाफीचा करार करावा यासाठी १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत होती. समुदायातले बाकीचे चार देश ‘अल्पविकसित’ गणले जात असल्यामुळे त्यांना करार झाला नाही तरी युरोप खुलाच राहणार होता. एकटा केनिया त्या यादीबाहेर होता. मुदत टळली आणि केनियाच्या फुलांवर शुल्क सुरू झाले. त्याच महिन्यात समुदायाने मसुद्यावर आद्याक्षरे केली. फूल नाशवंत असते, युरोपीय अधिकाऱ्यांना कसलीच घाई नव्हती. शिरोळकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण रुवांडाचे. जुन्या, वापरलेल्या कपड्यांच्या आयातीमुळे आपला कापड उद्योग उभाच राहत नाही म्हणून पूर्व आफ्रिकी देशांनी २०१६ मध्ये ती आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, आणि आफ्रिकेसाठीची शुल्कमाफी काढून घेऊ असा इशारा आला. केनिया, युगांडा आणि टांझानिया मागे सरले. रुवांडा हटला नाही, आणि जुलै २०१८ अखेर त्याच्या तयार कपड्यांची माफी स्थगित झाली. रुवांडाची अमेरिकेला होणारी कपड्यांची निर्यात तशी थोडीच होती, म्हणून त्याला ताठ राहणे परवडले. केनियाची खूप होती. ताठरपणाची किंमत निर्यातीच्या आकड्यात मोजली जाते, आणि ती ज्याला कमी पडते तोच शूर ठरतो.

इथे आपल्या घरचीही एक गोष्ट सांगायला हवी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या साखर धोरणाविरुद्ध तक्रार केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला. उसाच्या एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, आधार मोजताना आजचा भाव १९८६ ते १९८८ च्या गोठवलेल्या किमतींशी ताडला जातो, ही पद्धत हास्यास्पद आहे यात शंका नाही. त्या काळात कोल्हापुरात चहा किती पैशांना मिळत असे ते आठवावे. पण निर्यात अनुदानाबाबत तक्रारदारांचे म्हणणे सहज झटकण्यासारखे नव्हते. भारताने अपील केले ते संघटनेच्या अशा अपील मंडळाकडे, जे सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेले होते. अपील पडून राहिले आणि निकाल लागू झाला नाही. मोठ्याने पाडलेल्या भगदाडातून आपणही बाहेर पडलो. ग्वाटेमालाच्या दृष्टीने या प्रकरणातला हेडा आपणच होतो.

मग २०२५ उजाडले आणि जाहीर सौद्याचा उरलासुरला मांडवच अमेरिकेने उतरवला. २ एप्रिलला देशागणिक वेगळ्या दरांचा तक्ता जाहीर झाला: व्हिएतनामला ४६ टक्के, बांगलादेशाला ३७, भारताला २६, आणि लेसोथोसारख्या चिमुकल्या देशाला ५०. मग एकेकाला वेगळे बोलावणे आले. व्हिएतनाम २० वर उतरला. इंडोनेशियाने ३२ चे १९ करून घेण्यासाठी अमेरिकी मालाच्या जवळजवळ ९९ टक्के वस्तूंवरचे शुल्क काढण्याचे मान्य केले. ढाक्याने काय दिले हे जाकार्ताला ठाऊक नाही आणि जाकार्ता किती झुकले हे कोलंबोला ठाऊक नाही, अशा स्थितीत प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा दोन टक्के कमी मिळाले यातच समाधान मानत होता. चीन तेवढा वेगळा ठरला, कारण मोटारींना लागणारी दुर्मीळ मृदा चुंबके त्याच्या मुठीत होती. एप्रिलमध्ये १४५ टक्क्यांवर गेलेला दर मे महिन्यात ३० वर आला. भारतावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या खरेदीपायी आणखी २५ टक्के लागले. पुढे दर बदलत राहिले, आणि माझ्या भिंतीवरचा तक्ता मी छापायचा सोडून पेन्सिलीने लिहू लागलो.

त्या ऑगस्टमध्ये इचलकरंजीचा एक तरुण निर्यातदार माझ्याकडे आला. स्वयंपाकघरात वापरायचे सुती टॉवेल शिवून तो अमेरिकेला पाठवतो. त्याचा कंटेनर न्हावाशेव्याला जहाजावर चढण्याच्या बेतात होता. नियमात सूट होती: २७ ऑगस्टपूर्वी जहाजात चढलेला माल १७ सप्टेंबरपूर्वी तिकडे सोडवून घेतला, तर वाढीव २५ टक्के लागणार नाहीत. त्याने आशेने विचारले, “काका, बसतंय का त्यात?” मी तारखा मोजल्या. तांबड्या समुद्रातली वाट टाळून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती. न्यूयॉर्कला पोहोचायला महिन्याहून अधिक लागणार होता. सूट होती एकवीस दिवसांची. मी मान हलवली. मग त्याने फोन पुढे केला. गिऱ्हाइकाचा मेल होता, सभ्य भाषेतला: शुल्काचा निम्मा भार आपण सोसावा, अन्यथा पुढच्या ऑर्डरीचा फेरविचार करावा लागेल. त्याच्या मालातली बचत त्या निम्म्याच्या जवळपासही नव्हती.

“तिरुप्पूरवाल्यांनी किती सोडलं?” त्याने विचारले. ते मला माहीत असण्याचे कारण नव्हते. पानिपतवाल्यांचेही माहीत नव्हते. ब्रिटनशी २४ जुलैला करार झाला होता, पण तो लागू व्हायचा होता, आणि नवे गिऱ्हाईक नमुने पाहून पहिली ऑर्डर देईपर्यंत वर्ष जाते.

पुढच्या आठवड्यात त्याच्या आग्रहावरून इचलकरंजीत सात-आठ निर्यातदार एका गोदामात जमले. त्यांतल्या निदान तिघांचे गिऱ्हाईक एकच होते, हे मला कागदपत्रांवरून ठाऊक होते. एकजुटीने उत्तर द्यावे, कोणी दहा टक्क्यांपेक्षा जास्त सोडू नये, यावर सर्वांनी माना डोलावल्या. चहा आला. मी सहज म्हणालो, आतापर्यंत कोणी किती सोडले तेवढे एकदा सांगून टाका, म्हणजे पत्र लिहायला बरे. कोणी बोलले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या त्या तरुणाने टेबलावरचा आपला फोन उचलला आणि पालथा ठेवला. मग एकेक करून बाकीच्यांनीही.